मिलिटरीचा पंप स्वस्तात मिळतोय; पण तो चालवायचा कशावर?



या आठवड्याचा व्हिडिओ पंप भाड्याने देण्याच्या धंद्यावर होता. त्यात एक विषय वेळेअभावी अर्धवट राहिला, तो इथे सविस्तर लिहितो. आपल्या मालवण, कुडाळ, वेंगुर्ला भागातली नवीन मुलं हा प्रश्न मला सारखी विचारतात: "दादा, मिलिटरीचो पंप गावता हा, पंचवीस हजारात. घेव काय?"

प्रश्नामागचा विचार चांगला आहे. आपल्याकडे पाणी उपसायचं काम भरपूर आहे. पावसाळा संपला की चिरेखाणी तुडुंब भरलेल्या असतात, त्या रिकाम्या झाल्याशिवाय खाणमालकाचं काम सुरू होत नाही. कोळंबीचा प्रकल्प असेल तर काढणीच्या वेळी तलाव उतरवावा लागतो. एप्रिल-मे महिन्यात विहिरींचा गाळ काढायचा असतो. शेततळ्याची दुरुस्ती, बांधकामाच्या पायात साठलेलं पाणी, ही कामं वेगळीच. म्हणजे गिऱ्हाईक आहे. आणि लष्कराचा किंवा नौदलाचा पंप म्हटला की दणकट माल, हीसुद्धा समजूत चुकीची नाही.

तरीसुद्धा माझं मत स्पष्ट आहे. पंप कशावर चालणार आणि त्या चालण्याचा तासाचा खर्च किती, हे कागदावर लिहिल्याशिवाय असा पंप घेऊ नका. पंपाची किंमत एकदाच द्यायची असते. त्याला लागणारी वीज किंवा डिझेल प्रत्येक कामाला द्यावं लागतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. माझ्या दुकानात नवे पंप आणि पाइप विकले जातात. त्यामुळे "हा जुना माल घेऊ नका असं सांगणारच" असं कोणाला वाटू शकतं. म्हणून नुसतं मत न देता खाली हिशोब मांडलाय. तो स्वतः तपासा, आकडे बदलून बघा, आणि मग ठरवा.

"आहे तसं, आहे तिथे" म्हणजे काय

संरक्षण खात्याचा जुना माल थेट दुकानात येत नाही. मोठा भाग ई-लिलावाने विकला जातो. एमएसटीसी ही केंद्र सरकारची कंपनी असे लिलाव चालवते. नोंदणी करायची, अनामत रक्कम भरायची, बोली लावायची. माल लॉटमध्ये असतो, म्हणजे तुम्हाला एक पंप हवा असला तरी त्याबरोबर नको असलेलं बरंच काही घ्यावं लागू शकतं. त्यामुळे छोटा माणूस बहुतेक वेळा लॉट घेणाऱ्या भंगार व्यापाऱ्याकडून एकच नग घेतो. मुंबईत दारुखाना भागात जहाजांचा जुना माल मिळतो, हे अनेकांना माहीत आहे.

दोन्हीकडे अट एकच असते: माल आहे तसा, आहे तिथे. गॅरंटी नाही, चालवून दाखवण्याची जबाबदारी नाही, उचलण्याचा खर्च तुमचा.

ही अट किती खरी असते, याचं मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. नौदलाची 'आयएनएस गुलदार' ही युद्धनौका जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली. निवतीच्या समुद्रात ती बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात दिली गेली, तीही "आहे तशी, आहे तिथे" याच तत्त्वावर. जहाज मिळालं, पण खरं काम त्यानंतरचं. ते ओढून आणणं, त्यातलं तेल आणि प्रदूषण करणाऱ्या वस्तू काढणं, साफ करणं, या सगळ्याला निधी लागतो. तिथे पाठीशी सरकार आहे. तुमच्या पंपाच्या पाठीशी तुमचं मुद्रा लोन आहे, किंवा आईचे मोडलेले दागिने. फरक लक्षात घ्या.

नेमप्लेट वाचायला शिका

पंपावर एक छोटी धातूची पट्टी असते. रंगाच्या चार थरांखाली असली तरी खरवडून वाचा. ती नसेल तर तो पंप धंद्यासाठी घेऊ नका, असं मी सरळ सांगतो. तिच्यावर काय बघायचं?

पहिलं, व्होल्ट आणि हर्ट्झ. आपल्या महावितरणची थ्री-फेज वीज ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ असते. अनेक युद्धनौकांवरची वीज ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ असते. विमानांची साधनं तर ४०० हर्ट्झवर चालतात. अशी मोटर खास कन्व्हर्टरशिवाय आपल्याकडे निव्वळ भंगार. लष्करी गाड्यांवरचे पंप बऱ्याचदा २४ व्होल्ट डीसी असतात.

२४ व्होल्ट ऐकून मुलं खूश होतात: "बॅटरीवर चालेल, विजेची कटकट नाही." आता हिशोब करा. ३ एचपी म्हणजे सव्वादोन किलोवॅट. २४ व्होल्टला ते ९३ अँपिअर झाले, आणि मोटरमधली घट धरली तर १२० च्या आसपास. ट्रकच्या १५० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या जोडल्या तरी तासाभरात बसतील. तलाव तासाभरात उपसून होत नाही.

६० हर्ट्झची मोटर ५० हर्ट्झवर लावली तर? फिरेल. पण वेग सहा भागांपैकी पाच भाग, म्हणजे ८३ टक्के. पाणी ८३ टक्के, पाणी चढवण्याची उंची ६९ टक्के, लागणारी ताकद ५८ टक्के. इथपर्यंत नुकसान नाही, कधी कधी फायदाच. अडचण व्होल्टेजची आहे. ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झच्या मोटरला ५० हर्ट्झवर साधारण ३६७ व्होल्ट हवेत. आपण देतो ४१५. मोटर आतून जास्त तापते आणि कॉइल जळायची शक्यता वाढते. यावर उपाय आहे, तो म्हणजे व्हीएफडी. हे यंत्र व्होल्ट आणि हर्ट्झ दोन्ही हवे तसे देतं. पण ते विकत घ्यावं लागतं, आणि मालवणच्या खाऱ्या दमट हवेत, शेताच्या बांधावर, ते बंद पेटीत जपावं लागतं.

दुसरं, फेज. घराची वीज सिंगल फेज. ४१५ व्होल्टची थ्री-फेज मोटर त्यावर तशीच चालत नाही. सिंगल फेजवर चालणारा साधा व्हीएफडी बाहेर २३० व्होल्टच थ्री-फेज देतो, ४१५ नाही. हे विकणारा सांगत नाही, विचारावं लागतं.

तिसरं, हेड आणि डिस्चार्ज. म्हणजे पंप किती मीटर उंच आणि सेकंदाला किती लिटर पाणी देण्यासाठी बनवलाय. सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो.

आग विझवायचा पंप आणि तलाव उपसायचा पंप

सरप्लसमध्ये मिळणारे बरेच पंप आग विझवण्यासाठी केलेले असतात. त्यांना दाब हवा असतो, कारण पाणी लांब फेकायचं असतं. मिनिटाला १८०० लिटर पाणी ७ बार दाबाने देणारा ट्रेलर पंप घ्या. ७ बार म्हणजे पाणी ७० मीटर चढवण्याएवढी ताकद. त्याला ४५ एचपीच्या आसपास इंजिन लागतं.

आपल्या तलावाला किती चढ असतो? तळापासून बांधावरून पलीकडे, चार मीटर. पाइपमधली घट धरून सहा मीटर. सहा मीटरच्या कामाला सत्तर मीटरचा पंप म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून मीठ आणायला दहा चाकी ट्रक काढण्यासारखं.

"मग काय झालं, जास्त ताकद आहे, जास्त पाणी देईल" असं म्हणाल, तर काही मर्यादेपर्यंत देईल. पण अशा सेंट्रिफ्युगल पंपाला समोर अडथळा कमी मिळाला की तो झेपेल त्यापेक्षा जास्त पाणी ओढायला जातो, मोटरवर लोड वाढतो, पंपाच्या आत पाण्याचे बुडबुडे फुटून खडखड आवाज येतो आणि इंपेलर खराब होतो. म्हणून व्हॉल्व्ह अर्धा बंद करून चालवावा लागतो. व्हॉल्व्ह बंद करून आपण विकत घेतलेलं डिझेल अडवून ठेवतो.

शिवाय हे पंप स्वच्छ पाण्याचे असतात. तलावाचं शेवटचं फूटभर पाणी म्हणजे चिखल, शेवाळ, काड्या. तिथे मडपंपच लागतो.

आता हिशोब

वही घ्या. १० गुंठ्यांचा तलाव, म्हणजे अंदाजे १,००० चौरस मीटर. सरासरी खोली दीड मीटर. पाणी झालं १,५०० घनमीटर, म्हणजे १५ लाख लिटर.

सेकंदाला २० लिटर देणारा पंप तासाला ७२ हजार लिटर काढतो. म्हणजे २१ तास. दोन दिवसांचं काम.

याला ताकद किती लागते? सूत्र सोपं आहे: लिटर प्रति सेकंद गुणिले मीटर उंची, भागिले १०२, उत्तर किलोवॅटमध्ये. २० गुणिले ६ भागिले १०२ म्हणजे १.१८ किलोवॅट. पंपाची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर २.१४ किलोवॅट. म्हणजे ३ एचपी. जरा हात राखून ५ एचपीचं डिझेल इंजिन घेतलं तर आरामात होतं.

इंजिन एका किलोवॅट-तासाला ०.३५ लिटर डिझेल खातं असं धरू. २.१४ किलोवॅटला तासाला पाऊण लिटर. २१ तासांना १६ लिटर. डिझेल ९० रुपये धरलं तर १,४४० रुपये.

आता तो स्वस्तातला पंप. समजा तो सेकंदाला २० लिटर, २५ मीटर हेडचा, १० एचपी थ्री-फेज मोटरचा आहे. बांधावर थ्री-फेज नाही, म्हणून जनरेटर. मोटर पूर्ण लोडवर ७.५ किलोवॅट देते, म्हणजे जनरेटरकडून साडेआठ किलोवॅट घेते. तासाला २.८ लिटर डिझेल. २१ तासांना ५९ लिटर. ५,३१० रुपये.

एका तलावामागे फरक जवळपास ३,९०० रुपये. हंगामात दहा तलाव केले तर ३९ हजार. म्हणजे २५ हजारांचा "स्वस्त" पंप पहिल्याच हंगामात स्वतःच्या किमतीपेक्षा जास्त पैसे जास्तीच्या डिझेलवर घालवतो. आणि यात जनरेटरचं भाडं धरलेलंच नाही.

जनरेटर केवढा लागेल? १० एचपीची मोटर चालताना साधारण १० केव्हीए घेते. पण थेट सुरू केली तर पहिल्या क्षणी सहा-सात पट करंट ओढते. त्यामुळे अडीच पट मोठा, म्हणजे २५ केव्हीएचा जनरेटर लागतो. स्टार-डेल्टा स्टार्टर लावला तर सुरुवातीचा करंट एक तृतीयांशावर येतो, मग जरा लहान चालतो. व्हीएफडी असेल तर अजून बरं. पण २५ केव्हीएचा जनरेटर खाजणाच्या अरुंद वाटेने नेणार कसा, हाही खर्चच आहे.

यात वाहतूक घाला. मुंबईहून मालवणला माल आणायचा म्हणजे जवळपास पाचशे किलोमीटर. मग सील, बेअरिंग, फाउंडेशन फ्रेम, सक्शन पाइप, फूट व्हॉल्व्ह. परदेशी थ्रेडची फ्लँज असेल तर लेथवर अडॉप्टर. प्रत्येक ओळीचं कोटेशन घेऊन वहीत लिहा. माझे आकडे उदाहरणासाठी आहेत. तुमचे तुम्ही काढायचे.

मग हा पंप कधी घ्यावा?

सरप्लस माल वाईटच, असं मी म्हणत नाही. दोन गोष्टी त्याच्या बाजूने आहेत.

एक म्हणजे धातू. नौदलाचे पंप समुद्राच्या पाण्यासाठी केलेले असतात आणि त्यांचे भाग बऱ्याचदा गनमेटल किंवा ब्राँझचे असतात. खाडीच्या खाऱ्या पाण्यात साधा बिडाचा पंप लवकर झिजतो. कोळंबी प्रकल्पाची कामं करायची असतील तर हा खरा फायदा आहे. मात्र भंगारवाल्यालाही तो कळतो. तो वजनावर भाव करतो.

दुसरी गोष्ट, वेग कमी करता येतो. पंपाचा वेग ७० टक्क्यांवर आणला तर त्याचं हेड निम्म्यावर येतं आणि लागणारी ताकद साधारण एक तृतीयांशावर. म्हणजे जास्त हेडचा पंप हळू फिरवून आपल्या कामाचा करता येतो.

म्हणून माझा सल्ला असा. पंप आणि मोटर वेगळे होत असतील, पंपाचा शाफ्ट मोकळा असेल, तर मोटर विकून टाका आणि पंप ठेवा. त्याला आपल्याकडे सर्रास मिळणारं १५०० आरपीएमचं डिझेल इंजिन पुली-पट्ट्याने जोडा. पुलीचा आकार ठरवताना अनुभवी फिटरला सोबत घ्या. इंजिन असं निवडा ज्याचा नोझल, फिल्टर, रिंग कुडाळ-कणकवलीत त्याच दिवशी मिळते. पंपात बिघाड कमी होतात, चालवणाऱ्या यंत्रात जास्त. ते यंत्र ओळखीचं असलं पाहिजे.

मोनोब्लॉक असेल, म्हणजे मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर, आणि नेमप्लेटवर ६० हर्ट्झ किंवा डीसी असेल, तर सोडून द्या. कितीही चकचकीत असला तरी.

पंप लावण्याआधी ओहोटी बघा

किनाऱ्यावरच्या माणसाने एक गोष्ट विसरू नये. खाजणातल्या तलावाला उघाडी असेल तर पहिला पंप ओहोटी आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीचं पाणी जास्त खाली जातं. त्या वेळेला उघाडी उघडली तर अर्धा तलाव फुकटात उतरू शकतो. उताराची जागा असेल तर पाइप भरून सायफन लावा, एक थेंब डिझेल नको. गिऱ्हाईकाला हे सांगितलं तर काम कमी होईल अशी भीती बाळगू नका. उरलेलं काम तुम्हालाच मिळेल, आणि पुढच्या वर्षीचंही.

तसंच, पाणी आत येतंय का ते आधी बघा. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत मुलं अडकली होती, तेव्हा आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सच्या तज्ज्ञांनी पाणी उपशासाठी मदत केली आणि किर्लोस्करवाडीला चार पंप विमानाने पाठवायला तयार ठेवले होते. तिथे पंप चालू असतानाच डोंगरावरचे ओढे वळवण्याचं कामही सुरू होतं. एवढ्या मोठ्या यंत्रणेलाही नुसत्या पंपावर भागवता आलं नाही. आपल्याकडे चिरेखाणीत कडेने झरे येतात, विहिरीत तर येतातच. पंप लावायच्या आदल्या दिवशी काठी रोवून खूण करा, पाणी किती वाढतं ते बघा. १० गुंठ्यांत पाणी रात्रीत १० सेंटीमीटर वाढलं तर ते एक लाख लिटर झालं. म्हणजे दुसऱ्या दिवशीचा जवळपास दीड तास त्यातच जाणार. हे दरात धरलं नाही तर तोटा तुमचा.

दुसऱ्याच्या विजेवर धंदा नको

"शेतमालकाच्या कृषीपंपाच्या कनेक्शनवर लावू" हा सगळ्यात लोकप्रिय जुगाड. करू नका. वीज ज्या कामासाठी मंजूर झाली आहे त्याशिवाय दुसऱ्या कामासाठी वापरली, किंवा मंजूर भारापेक्षा जास्त यंत्र लावलं, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. बिल येणार गिऱ्हाईकाच्या नावावर, आणि तुमचं नाव गावभर. वीजच वापरायची असेल तर महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीची चौकशी करा, नाहीतर डिझेल.

पाणी सोडायचं कुठे, हेसुद्धा आधी ठरवा. खारं पाणी शेजाऱ्याच्या भातशेतीत किंवा विहिरीजवळ गेलं तर तुमच्या दोन दिवसांच्या कमाईत ते भरून निघणार नाही. कोळंबी प्रकल्पांना कोस्टल ॲक्वाकल्चर अथॉरिटीचे नियम असतात. मालकाकडून माहिती घ्या. गावच्या किंवा देवस्थानच्या तळ्याला लेखी परवानगीशिवाय हात लावू नका. आपल्या तालुक्यात धामापूरसारखा १५३० सालचा तलाव आहे. अशी पाणी धरून ठेवणारी तळी गावाचा आधार असतात. आणि प्लास्टिक अंथरलेलं शेततळं पावसाळ्यात एकदम रिकामं केलं तर खालच्या पाण्याच्या दाबाने कागद वर उचलला जातो. ते काम पाणीपातळी खाली गेल्यावर घ्या.

जीव जाईल असं काही करू नका

हा भाग व्हिडिओत घाईत सांगितला गेला, म्हणून पुन्हा लिहितो.

इंजिन किंवा जनरेटर विहिरीत, खड्ड्यात, बंद खोलीत उतरवायचा नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस गुंगी येऊन पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. सेंट्रिफ्युगल पंप वर ठेवून सहा-सात मीटरच्या खालचं पाणी ओढत नाही, म्हणून लोक इंजिन खाली उतरवतात. तिथे सबमर्सिबल लावा किंवा काम सोडा.

विजेचा पंप चालू असताना पाण्यात कोणीही उतरायचं नाही, मासे पकडायलाही नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग नसेल तर पंप सुरूच करू नका. सरप्लस मोटरच्या कॉइलचं इन्सुलेशन मेगरने तपासून घ्या. वर्षानुवर्षं गोदामात पडलेल्या मोटरमध्ये ओल धरलेली असते.

आणि कोळंबीच्या तलावावर काम असेल तर पर्यायी पंप हाताशी ठेवा. पाणी अर्धं उतरलं आणि पंप बंद पडला, तर थोड्या पाण्यात दाटलेल्या कोळंबीला प्राणवायू कमी पडतो. काही तासांत मालकाचा अख्खा हंगाम जाऊ शकतो. तिथे "मिलिटरीचा पंप होता हो" हे उत्तर चालत नाही.

गिऱ्हाईक काय विकत घेतं?

गिऱ्हाईकाला तुमचा पंप किती एचपीचा, कुठल्या जहाजावरचा, यात रस नसतो. त्याला बुधवारी संध्याकाळपर्यंत तळ दिसायला हवा असतो. तुम्ही विकताय ते रिकामं तळं. म्हणून दर तासावर लावण्यापेक्षा कामावर लावा, आणि कागदावर चार ओळी लिहा: पाणी किती, दिवस किती, डिझेल कोणाचं, झऱ्याचं पाणी वाढलं तर जादा दर काय. चारही ओळी लिहिता याव्यात यासाठी आपल्या यंत्राचा तासाचा खर्च माहीत लागतो. ज्याला तो माहीत नाही, तो एकतर जास्त दर सांगून काम घालवतो किंवा कमी दर सांगून पैसे घालवतो.

नवीन मुलांना माझं एवढंच म्हणणं आहे की पहिल्या वर्षी भांडवल यंत्रात अडकवू नका. पहिली दोन-तीन कामं भाड्याच्या इंजिनपंपावर करा. किती तास लागले, किती लिटर डिझेल गेलं, कुठे अडलं, हे लिहून ठेवा. त्या वहीतून तुम्हाला कळेल की तुम्हाला किती हेडचा, किती लिटरचा पंप हवा. मग लिलावाची यादी उघडा. तेव्हा तुम्ही स्वस्त काय आहे ते शोधणार नाही, लागतं काय ते शोधाल. तोच पंप योग्य भावात मिळाला तर जरूर घ्या, मला फोटो पाठवा, मी खूश होईन.

या आठवड्याचं काम: तुमच्या गावातला एखादा तलाव किंवा चिरेखाण निवडा. लांबी, रुंदी, खोली मोजा. पाणी किती लिटर, चढ किती मीटर, ताकद किती किलोवॅट, तास किती, डिझेल किती, हे पाच आकडे काढा. शेवटी मालकाला सांगायचा दर लिहा. अर्धा तास लागेल. पुढच्या व्हिडिओत आपण दरपत्रक आणि करारनामा करणार आहोत, तेव्हा ही वही सोबत घेऊन बसा.